बदललेले नाव आणि जुनी खूण

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना आकारास येऊ लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून, केरळातून, आंध्र-बंगालमधून माणसे तेथे आली. गावाकडे माणूस उंबऱ्याबाहेर पडण्याआधीच त्याचे कूळ व जात पुढे गेलेली असे. येथे सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा क्रमांक ही त्याची नवी ओळख झाली. जात काही भट्टीत वितळली नाही. तरीही पुष्कळांना आपण कोण हे प्रथमच स्वतःच्या तोंडाने सांगता आले. यात मला देवाची कृपाच दिसते.

एका पिढीला जे घर सोडून मिळाले, ते आता तळहातावरचा फोन देतो. नाव, छायाचित्र, स्वतःविषयी दोन ओळी. मनास येईल तेव्हा सारे पुसून नवे. फेसबुकवर नाव बदलले की पुन्हा बदलण्यास ६० दिवस थांबावे लागते, व्हॉट्सॲपवर धाडलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. बंधन म्हणावे तर एवढेच. याला सरसकट ढोंग म्हणणारे उपदेशक आहेत. मला ते मान्य नाही. घरच्यांच्या भयाने ज्याला प्रभूचे नाव उघडपणे घेता येत नाही, तो तेथे टोपणनावाने प्रार्थनेची विनंती करतो. त्याला लबाड कोणी म्हणावे? शिवाय नावाविषयी मंडळीत एकच रीत कधीच नव्हती. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडात वाँटिज येथे बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांना ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक मात्र नावाने होते तेच राहिले.

मग दोष शिरतो कोठे? कालपर्यंत दुसऱ्या पंथाच्या बांधवांवर चिखलफेक करणारा आज तो मजकूर पुसतो, नव्या नावाखाली एक शास्त्रवचन लावतो, आणि दुखावलेल्यांना सांगतो की तो मी नव्हेच. भिलाईच्या रुळाला असे म्हणता येत नाही. पोलाद तप्त असतानाच त्याच्या अंगावर कारखान्याची खूण, निर्मितीचा महिना व वर्ष उमटते, आणि ज्या घाण्यातून तो निघाला त्याचा क्रमांकही ठोकला जातो. पुढे दूरच्या मार्गावर तो तडकला, तर या खुणांवरून त्याचा माग मुळापर्यंत काढता येतो.

येथे मला याकोब आठवतो. दृष्टी गेलेल्या बापापुढे, एसावाची वस्त्रे व हातांवर करडांची कातडी लेवून, त्याने भावाचे नाव आपले म्हणून सांगितले व आशीर्वाद घेतला. बऱ्याच वर्षांनी यब्बोकच्या उताराजवळ रात्रभर झोंबी झाली, तेव्हा त्याला नाव विचारण्यात आले. या वेळी त्याने खरे ते सांगितले. ‘इस्राएल’ हे नाव त्यानंतर मिळाले, आधी नव्हे. जांघेचा सांधा निखळलेला. तो लंगडतच निघाला. समोरून चारशे माणसे घेऊन एसाव येत होता, आणि त्याला जुने नाव तेवढे ठाऊक होते. याकोब बायकामुलांच्या पुढे झाला आणि भावाजवळ पोहोचेपर्यंत सात वेळा भूमीपर्यंत लवला.