तेव्हा कुठे होतात?

२०२४ च्या नोव्हेंबरात एकच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की कान किटले. "दिलावरपूरवाल्यांनी आधीच का नाही सांगितलं? भिंती उभ्या राहिल्यावर जाग आली होय?" म्हणणारे सगळे शहाणेसुरते. कुणी पेन्शनर, कुणी कंत्राटदार, एक तर कीर्तनातून नुकताच उठून आलेला. सगळ्यांच्या हातात कागदी कप. कागदी कपातून चहा पिणाऱ्याच्या मताला मी निम्मेच गुण देतो, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे.

तेलंगणातल्या दिलावरपूरला इथेनॉलचा कारखाना उभा राहत होता. तो नको म्हणून लोकांनी निर्मल-भैंसा रस्ता अडवला, आरडीओ (महसूल विभागीय अधिकारी) मॅडमना रात्रीपर्यंत गाडीत अडकवून ठेवले, दुसऱ्या दिवशी पोलिसांवर दगड गेले. यातले गाडीचे प्रकरण मला मुळीच आवडले नाही. त्या बाईंनी काही इथेनॉलची भट्टी लावली नव्हती. दगडाचेही समर्थन मी करणार नाही. पण त्याआधी कित्येक महिने ही माणसे धरणे धरून बसली होती, तेव्हा कागदी कपवाल्यांपैकी कुणी तिकडे फिरकले होते काय?

बरे, 'आधी' म्हणजे नेमके कधी? समजा मी दिलावरपूरशेजारच्या गुंडमपल्लीचा शेतकरी आहे. चार एकर कापूस, दोन एकर सोयाबीन, आणि मला कायद्याने, वेळेत, सभ्यपणे आक्षेप घ्यायचा आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत त्याची सोय आहे. तिचे नाव जनसुनावणी. तीस दिवस आधी नोटीस, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, प्रकल्पाजवळ मांडव, समोर कलेक्टर किंवा त्यांचा माणूस, आणि बोलाल ते लिहून घेणारा कारकून. झकास! मी धुतलेली टोपी घालून निघतो. वाटेत कळते की जून २०२१ मध्ये केंद्राने दुरुस्ती केली आहे. केवळ पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल काढणारा धान्याचा नवा कारखाना असेल, तर तो 'बी-२' वर्गात. या वर्गाला परिणामांचा सविस्तर अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. मांडवच नाही म्हटल्यावर मी टोपी काढून खुंटीला लावतो.

मग हैदराबाद. तेलंगणाने २०१४ साली उद्योगांसाठी एक खिडकीचा कायदा केला, टीएस-आयपास. महाप्रकल्पाला पंधरा दिवसांत परवानग्या, बाकीच्यांना तीस दिवसांत. एखाद्या खात्याने मुदतीत तोंडच उघडले नाही, तर परवानगी मिळाली असे धरून चालायचे. म्हणजे खाते गप्प बसले तर होकार. गाव गप्प बसले तरी होकार. आणि गाव बोलले तर म्हणायचे, तुम्ही उशीर केलात.

उशीर तर उशीर, अपील आहेच की. पर्यावरण परवानगीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत जाता येते, सबळ कारण दाखवले तर आणखी साठ दिवस मिळतात. आपल्या भागासाठी हे न्यायाधिकरण कुठे? चेन्नईत. कापसाची बोंडे फुटलेली, वेचायला मजूर मिळत नाही, आणि मी वकील शोधत चेन्नईला निघालोय. पण निघायचे तरी कशाच्या जोरावर? परवानगी मिळाली हे आधी कळायला हवे ना! त्यासाठी मी रोज पहाटे उठून, बैलांना वैरण टाकून, मोबाइलवर दिल्लीचे 'परिवेश' पोर्टल उघडायला हवे होते. त्यात आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग साहेबांनी या वेळी कसे केले आहे ते ओळखायचे, इंग्रजी पीडीएफ उतरवून घ्यायची आणि पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे नेणार ही पाने वाचून मगच औत जुंपायचे. हे मी केले नाही. म्हणून मी दोषी.

मंगलाष्टका संपल्यावर पत्रिका हातात ठेवायची आणि वर विचारायचे, स्थळ पसंत नव्हते तर आधी का नाही बोललात!

आमच्या भागात पुढाऱ्याच्या पुतण्याचा वाढदिवस असला की घरावर घर ठेवावे एवढा फ्लेक्स लागतो. (फ्लेक्स हा माझा जुना शत्रू, त्यावर मी पुन्हा पुन्हा लिहितो आणि ते पुन्हा पुन्हा लावतात.) वाढदिवस सगळ्या तालुक्याला कळवायची अक्कल आहे, मग शिवारात काय उभे राहणार हे कळवतानाच शाई कशी संपते?

बाकी सबबी नेहमीच्याच. पोरांना नोकऱ्या, देशाचे परकीय चलन, आणि 'सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाणार नाही'. नसेलच जाणार, तर ते गावात येऊन सांगायला पाय का जड होतात?

काँग्रेस आणि बीआरएस मग परवानगी कुणाच्या काळातली यावर भांडू लागले. भांडोत बापडे. एवढ्यावरून निदान हे तरी कळले की गाव सोडून सगळ्यांना सगळे माहीत होते.

हे काही पहिल्यांदा घडत नाही. २००८ साली चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र उभे राहत होते. सुधा नदीचे पाणी इंद्रायणीला जाते म्हणून वारकरीही रस्त्यावर उतरले, बंडातात्या कराडकर पुढे होते. महिनोन्‌महिने विनवण्या झाल्या, पण देशाला दिसली ती जाळपोळ. पुढे कंपनीने तिथून पाय काढला. तेव्हाही पुण्यातले शहाणे हेच विचारत होते.

आपण गोदाकाठचे लोक. बाभळीच्या बंधाऱ्यासाठी दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. २०१३ च्या निकालात १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली, असा तारीखवार हिशेब लागला. पाणी किती, हे ठरवायला एवढा थाट. श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात या कारखान्यामुळे ते कसे राहील, हे विचारायला मात्र माणसांना हमरस्त्यावर बसावे लागले. अर्थात बासरला प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य नदीत भिरकावणारेही आपणच, आणि माझ्या स्कूटरच्या टाकीतही इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल आहे. तेव्हा फार सोवळे नेसण्यात अर्थ नाही. कारखाना वाईटच, असेही मी छातीठोक सांगत नाही. मला रसायनातले कळत नाही. पण विचारायच्या आधी ठरवायचे आणि ठरवल्यावर 'का नाही बोललात' म्हणून झापायचे, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

कलेक्टरांनी शेवटी काम थांबवल्याचे जाहीर केले. थांबवणे म्हणजे रद्द करणे नव्हे, हे आंदोलकांनी ध्यानात ठेवावे. आणि सरकारला एक विनंती. पुढच्या कारखान्याची परवानगी कागदावर येण्याआधी त्याची माहिती तेलुगूत आणि मराठीत, मारुतीच्या देवळासमोर, पुतण्याच्या वाढदिवसाएवढ्या अक्षरांत लावा. तेवढ्या एका फ्लेक्सला मी काही बोलणार नाही.