जादा ताकद कोणाची?

मी जनावरांचा डॉक्टर. पनवेलहून नेरे, मालडुंगे, धोदाणीपर्यंतच्या वाड्यांवर माझी फेरी असते. पावसाळ्यात डांबर संपलं की तिथे साध्या गाडीचा निभाव लागत नाही, म्हणून फोर बाय फोर घ्यायचं ठरलं. आमचे आण्णा माळकरी. ते म्हणाले, “चार महिने सोडले तर एवढी ताकद नुसती दारात उभी राहील. गरजेपेक्षा जास्त ठेवणं म्हणजे परिग्रहच ना रे?”

पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह सांगितला. तो जगून दाखवणारे विनोबा तर आमच्याच जिल्ह्यातले. पेण तालुक्यातलं गागोदं हे त्यांचं जन्मगाव, साल 1895. 1951 पासून ते गावोगाव पायी फिरून जमीन मागत राहिले. हवा, पाणी, ऊन यांवर जसा कोणा एकाचा हक्क नाही तसा जमिनीवरही नाही, ही त्यांची मांडणी. ती मी यंत्राला लावून पाहतो. माझ्या कामाला लागते तेवढी ताकद माझी. उरलेली माझ्याकडे सांभाळायला आहे; ती चिखलात रुतलेल्याची. एवढं मान्य केलं की गाडी निवडायची कसोटीच बदलते.

आपल्याकडे गाडीमागे बोट किंवा फिरतं घर लावून निघायची रीत नाही. ओढायचा असतो तो रुतलेला दुधाचा टेम्पो. त्याला वेग नको, लो रेंजचा गिअर हवा. त्यात चाकं जितकी सावकाश फिरतात तितका त्यांचा जोर वाढतो. शिवाय वजन हवं. मी पाहिलेल्या गाड्यांत जिम्नी सुमारे 1200 किलोची. स्वतः चिखलातून अलगद निघेल, पण भरलेला टेम्पो ओढताना तिचीच चाकं जागच्या जागी फिरायची. माझ्या एकट्यापुरती ती पुरली असती. थार तिच्याहून जड, जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच. गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर डिफ-लॉक आहे, म्हणजे एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं जमीन धरून ओढतं. माझं मन गुरखाकडे झुकलं. आणि हूक थेट चेसिसला पक्का बसवलेला हवा. बंपरला किंवा ट्रॉली जोडायच्या गोळ्याला दोर बांधला आणि ताणाखाली तेच तुटलं, तर लोखंड गोळीसारखं सुटतं. माणूस जागीच जाऊ शकतो. दया करणाऱ्याला दोराची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, कुठे अडकवायची हे कळलंच पाहिजे. अडाणी करुणेवर माझा विश्वास नाही.

ताकदीची हद्दही याच डोंगरांत दिसते. धोदाणीच्या वर माथेरान. तिथे मोटारींना बंदी आहे आणि ती असावीच. 19 जुलै 2023 च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मोठी यंत्रं खालीच राहिली, माणसं पावसात चढून गेली आणि त्यांनी हातांनी माती उपसली. 27 मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ता होते. तिथे कुठलीच गाडी कामाची नव्हती. म्हणून दोरासोबत कुदळ आणि फावडी गाडीत कायम राहणार.

एका ठिकाणी मात्र आण्णांचं आणि माझं जुळत नाही. रविवारी पोरं मजेसाठी ओढ्यात गाड्या घालतात आणि रुततात. मला ते पाहवत नाही. काठ उकरला जातो, पाण्यावर तेलाचा तवंग येतो. गीतेचा सतरावा अध्याय सांगतो की योग्य जागी, योग्य वेळी, पात्र माणसाला, परतफेडीची आशा न धरता दिलेलं दान सात्त्विक. आण्णा नेमकं पात्रतेवर बोट ठेवतात. हौसेनं बुडणाऱ्यासाठी दोर कशाला काढायचा? मला वाटतं, वर डोंगरात पाऊस लागला की ओढा बघता बघता चढतो. तेव्हा कोण लायक आणि कोण नालायक हे तपासायला सवड कुठे असते? आधी माणसं काठावर, मग गाडीला दोर. पैसे घ्यायचे नाहीत. बोलायचं ते सगळे सुखरूप आल्यावर, आणि तेव्हा मी स्पष्टच बोलणार: इथे पुन्हा गाडी घालू नका, खालच्या वाडीतल्या म्हशी याच पाण्यावर आहेत.