तिच्या भांड्यातलं पाणी

सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याने वसमतकडे निघतं तेव्हा सगळ्या शिवारांसाठी ते एकच असतं. उंबरठ्याच्या आत आलं की त्याचे वाटे पडतात. लहानपणी एका घरी पाहिलेला कप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कान तुटलेला तो कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. शेतावरचा गडी तो स्वतःच काढी, चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर तो विसळून पुन्हा जागच्या जागी खोची. कुणी काही बोलत नसे.

ख्रिस्ताचं शिष्य होणं म्हणजे काय, या प्रश्नापाशी मी त्या कपावरूनच येतो.

शिष्य हा शब्द या मातीला नवा नाही. इथून जवळच औंढा नागनाथ. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते तिथेच, असं परंपरा सांगते. कीर्तनाला मागे जा म्हणून नामदेवांना हटवलं, तेव्हा देऊळच फिरलं, ही कथाही तिथलीच. म्हणजे शिष्यत्वाचा प्रश्न आपल्याकडे आधीपासून जागेचा आहे: कुणी कुठे उभं राहायचं?

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ताचा शिष्य म्हणजे घर सोडलेला माणूस. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मिशनरींकडे अन्नपाणी घेतलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयामार्फत वडिलांकडे परतला. त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांच्यावरच गहजब झाला. घोटभर पाण्याची किंमत एवढी होती. पुढे नारायणरावांनी आपल्याच मराठवाड्यात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवलं. ब्राह्मण घरातला माणूस मांग कुटुंबांसोबत राहू लागला, हे त्या काळी फार मोठं पाऊल होतं. पण वेगळं गाव म्हटलं की वेगळी वेसही आली.

त्या वेशीपलीकडची वाट मला टिळक दांपत्यात दिसते. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई दुरावल्या, काही वर्षांनी एका छपराखाली आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं कसं गळून पडलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये. मनातली जात त्याआधीच, रोजच्या जगण्यात, झिजत आली होती. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. घर सोडणं, गाव वसवणं, आणि शेवटी दार उघडं ठेवणं, असा हा प्रवास आहे.

वधस्तंभ उचलून मागे येण्याचं बोलावणं तीन शुभवर्तमानांत आहे; लूक त्यात ‘दररोज’ची भर घालतो. मला तो शब्द सगळ्यात जड वाटतो. एक दिवस धैर्य दाखवता येतं. रोजच्या चहाला ते पुरवणं कठीण.

आणि योहानाच्या शुभवर्तमानातली ती विहीर. थकलेला येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी तिच्या लोकांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत, आणि याच्याजवळ तर पोहराही नव्हता. म्हणजे प्यायचं ते तिच्याच भांड्यातून. उपदेश नंतर आला. आधी त्याने हात पुढे केला. परक्याला पाणी देणं पुण्याचं, पण देणारा वरच राहतो. मागणाऱ्याला खाली बसावं लागतं.

वळचणीचा कप आता दिसत नाही. त्याच्या जागी काही घरांत कागदी पेला आला आहे. घरच्यांना चिनी मातीचा कप, गड्याला वापरून फेकायचा. म्हणून चर्चच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना माझं एकच विचारणं आहे. त्या गड्याच्या घरी आपण कधी गेलो आहोत का? ओसरीवर टेकून, ‘तांब्याभर पाणी द्या,’ असं म्हणालो आहोत का?