दोराची पट्टी का फाडलीस?

बस. मोबाइल पालथा ठेव आणि माझ्याकडे बघ. चहा नंतर.

काल संध्याकाळी आंबिवलीकडचा तो मुलगा माझ्याकडे आला होता. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोर. "सर, पन्नास मीटर दोर घेतला. आता भिवपुरीला स्वतःच्या बॅच घेणार. जरा गाठी पुन्हा बघून घ्या." ओसरीवर त्याने दोर सोडला. धुऊन स्वच्छ केलेला, साबणाचा वास येत होता. मी सवयीप्रमाणे टोक धरलं आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून दोर वीत-वीत पुढे सरकवत गेलो. दहा-अकरा मीटर गेले असतील, आणि बोटांखाली दोर एकाएकी मऊ लागला. वरची वीण शाबूत, आत गाभाच नाही असा. तिथे वाकवून पाहिला. धड दोर वाकवला की त्याचा गोल फास होतो. हा कागदाच्या घडीसारखा मोडला.

मी विचारलं, कोणाकडून घेतलास? पोरगं अभिमानाने तुझं नाव सांगतं. "आपल्या दादाकडूनच घेतला, सर. दोन हजार आठशेला. वर दोन हार्नेसही दिले." आणि तू त्याला पाठवलेला मजकूर दाखवतो: फक्त दोन वेळा वापरलेला, रॅपलिंग आणि चढाई दोन्हीला चालेल.

दोन वेळा? हा दोर मी ओळखत नाही असं वाटलं तुला? टोकावरची पट्टी तू फाडलीस, कारण तिच्यावर माझ्या हाताने साल लिहिलेलं होतं. पण दोराच्या पोटात बनवणाऱ्याची एक बारीक पट्टी सलग गेलेली असते, तिच्यावर मानक आणि उत्पादनाचं साल छापलेलं असतं. ती तुला फाडता आली नाही. मी टोक बोटभर कापून पाहिलं. 2013. नायलॉनच्या साधनांना बहुतेक बनवणारे जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, आणि तीही नीट ठेवलेल्या, न दुखावलेल्या साधनांना. हा दोर तर सहा पावसाळे धबधब्याखाली भिजलाय. चिखलातले कण विणीतून आत शिरतात आणि वजन पडेल तेव्हा गाभ्याचे धागे आतून कापत राहतात, हे तुला मी शिकवलंय. खांडसच्या वाटेवर जीप रुतली होती तेव्हा हाच दोर बांधून ती ओढलीत. मी नको म्हणत होतो. त्यानंतर वर्षभर तो तुझ्या गाडीच्या डिकीत इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीशेजारी पडून होता. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं, आणि खाल्लेलं बाहेरून दिसतही नाही. हे सगळं त्या पोराला कोण सांगणार होतं?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली ते ऐक. तुला पारख करता येत नाही, असं असतं तर मी तुझ्यावर ओरडलो नसतो. तुझ्याशेजारी बसून पुन्हा शिकवलं असतं. पण गेल्या महिन्यात याच ओसरीवर तू काय केलंस ते मी पाहिलंय.

तुला जुना स्नोबोर्ड घ्यायचा होता. पहिलं बर्फ पाहिलंस ते आपल्या खालापुरातच, इमॅजिकाच्या स्नो पार्कमध्ये, आणि तिथून गुलमर्गपर्यंत पोहोचलास याचा मला आनंदच आहे. दोन बोर्ड समोर होते. एक जर्मनीहून परतलेल्या पुण्याच्या गृहस्थांचा कार्व्हिंगचा, दुसरा गुलमर्गच्या एका प्रशिक्षकाचा फ्रीराइडचा. तीन आठवडे तू त्यांच्यावर घालवलेस. कार्व्हिंगचा बोर्ड अरुंद, ताठ, लांब कडेचा. दाबून सपाट केलेल्या कडक बर्फावर कडेवर झोकून वळणं घ्यायला. फ्रीराइडचा पुढून रुंद, पाय थोडे मागे ठेवायचे म्हणजे नाक भुसभुशीत बर्फावर तरंगतं. अफरवाटच्या गोंडोलातून उतरल्यावर तुला भुसभुशीत उतारच मिळणार, मग कार्व्हिंगचा बोर्ड कितीही स्वस्त आणि देखणा असला तरी उपयोगाचा नाही, हे तू मला समजावून सांगितलंस. मला! मी मान डोलावली, कारण तुझं बरोबर होतं.

आणि तो फ्रीराइडचा बोर्ड आल्यावर? फरशीवर ठेवून तो मधून उचललेला राहतो की बसलाय, ते पाहिलंस. कडेवरून नख फिरवून भेग शोधलीस. कड किती वेळा घासून किती पातळ झालीय, गंज नुसता वरचा आहे की खोल, ते उजेडात धरून पाहिलंस. तळावरचा चरा नुसता प्लास्टिकचा की गाभ्यापर्यंत गेलाय, टोकाला थर सुटलेत का, बाइंडिंगच्या स्क्रूंचे आटे झिजलेत का, बुटाची बोटं कडेबाहेर येऊन बर्फात घासतील का. विकणाऱ्याला फोनवर विचारत होतास: किती हंगाम वापरला, खडकावर आपटला का, दुरुस्ती कुठे केली? त्याने एक दुरुस्ती लपवली होती, ती सापडल्यावर "लोकांना लाज नाही, सर" असं तूच म्हणालास.

बोर्डाची कड तुटली तर तू बर्फात पडशील. फार तर हात मोडेल, तोही तुझा. त्याच्यासाठी तीन आठवडे. आणि ज्याच्यावर परक्या माणसाचा अख्खा जीव टांगला जाणार, तो दोर तू तीन मिनिटांत विकलास. कशासाठी, तेही मला कळलंय. बोर्डाचे पैसे कमी पडत होते.

"चढाईलाही चालेल." हे लिहिताना हात कसा धजावला? कार्व्हिंगचा बोर्ड भुसभुशीत बर्फात चालत नाही हे ज्याला कळतं, त्याला हा स्टॅटिक दोर चढाईला चालत नाही हे कळत नाही? स्टॅटिक दोर ताणत नाही, म्हणून रॅपलिंगला बरा. माणूस हिसके न खाता उतरतो. पण तोच दोर कमरेला बांधून कोणी कड्यावर पुढे चढला आणि सुटला, तर पडण्याचा सगळा झटका त्याच्या कण्यावर आणि वरच्या मेखेवर येतो. डायनॅमिक दोर ताणून तो झटका गिळतो, त्यासाठीच तो वेगळा बनवतात आणि वेगळा तपासतात. पोराला हे माहीत नाही. तो ढाकच्या कातळाला हा दोर घेऊन गेला असता, तुझ्या शब्दावर.

"त्यालाही बघून घ्यायला सांगितलं होतं," असं म्हणणार असशील तर म्हणू नकोस. बोर्डाची कड डोळ्यांना दिसते. दोराचा गाभा दिसत नाही. घेणाऱ्याला दिसत नाही ते फक्त विकणाऱ्यालाच माहीत असतं, आणि तू नेमकं तेच पुसून टाकलंस. वडिलांना विचार, त्यांची हयात कर्जत यार्डात गेली. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, तेव्हा कपलिंग दिसायला बरं आहे म्हणून कोणी शिट्टी देतं का?

आता त्या हार्नेसचं. पुढच्या लूपवर धागे केसासारखे निघालेत, हे तुला दोन वर्षांपूर्वी मी दाखवलं होतं. तेव्हा टॉड स्किनरची गोष्टही सांगितली होती. योसेमिटीची सालाथे भिंत दोराला न लोंबकळता, हातापायांच्या बळावर 1988 मध्ये चढून गेलेल्या दोघांपैकी तो एक. 23 ऑक्टोबर 2006 ला योसेमिटीतच लीनिंग टॉवरवर दोरावरून उतरत असताना त्याच्या हार्नेसचा पुढचा लूप तुटला आणि तो गेला. लूप झिजलाय हे त्याला सोबत्याने सांगितलं होतं, त्यालाही पटलं होतं, नवा हार्नेस मागवलेलाही होता. एवढा मोठा गिर्यारोहक, आणि स्वतःच्याच हार्नेसपायी गेला. तू तर तसा हार्नेस दुसऱ्याला दिलास, तोही "वर" म्हणून.

जुनं विकूच नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या पोरांना नवं परवडत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उत्तरकाशीच्या कोर्सला मीही दुसऱ्याचे बूट घालून गेलो. बूट वीक, सॅक वीक, तंबू, झोपायची पिशवी वीक. तुझा स्नोबोर्ड उद्या विकलास तरी हरकत नाही, फक्त खडकावर आपटला असेल तर तसं सांग. दोर, स्लिंग, हार्नेस, हेल्मेट मात्र विकायचे नाहीत. फुकटही द्यायचे नाहीत. आयुष्य संपलेला दोर कापायचा, आणि इतक्या आखूड तुकड्यांत कापायचा की कोणी त्याच्यावर उतरायचा विचारही करणार नाही.

इर्शाळवाडीवर दरड आली त्या रात्रीनंतर, जुलै 2023 मध्ये, तू पावसात वर चढून गेला होतास. गाडी जाईल असा रस्ता नाही, यंत्र चढत नाही, माणसांनीच सगळं खांद्यावर न्यायचं. परत आलास तेव्हा दोन दिवस बोलत नव्हतास. तेव्हा मला वाटलं होतं, या पोराला माणसाच्या जिवाची किंमत कळली. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवलंय. आज मला ते शब्द गिळायला लावू नकोस.

दोर माझ्याकडे आहे, या खुर्चीखाली. त्याला परत दिलेला नाही. ती कात्री घे आणि माझ्यासमोर काप, हातभर-हातभर. मऊ झालेली जागा आली की थांब, आणि आतले धागे स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

मग त्या मुलाकडे जायचंस. फोन करायचा नाही, जायचंस. दोन हजार आठशे रुपये हातात द्यायचे, हार्नेस परत आणायचे. ते वापरू नकोस एवढंच मी त्याला बजावलंय. का, ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, जीप ओढल्यापासून बॅटरीपर्यंत सगळं, त्याच्या घरच्यांसमोर. पैसे बोर्डात गेले असतील तर बोर्ड वीक. दिवाळीपर्यंत विकला जाईल, चांगला आहे, तूच पारखून घेतलास. तोवर मी देतो, पण मला परत हवेत. नवा दोर घ्यायला त्याला घेऊन तू स्वतः मुंबईला जा, आणि बिल त्याच्या नावावर करून घे, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा हिशेब त्याच्याकडे राहील.

रविवारी सकाळी आठला त्याची पहिली बॅच भिवपुरी रोड स्टेशनला उतरणार आहे. बावीस जण आहेत, त्यांतले सहा कॉलेजचे. त्यांना काय सांगायचं, तेही तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.

आज गुरुवार आहे. कात्री त्या कोनाड्यात आहे. ऊठ.