सही मिळणार नाही

बसा. चहा नंतर होईल, आधी तुमचं निवेदन बघू.

विषय: "रस्त्यावरील पार्किंगसाठी शुल्क आकारण्यास तीव्र विरोध." पुढच्या परिच्छेदात मागणी: "मध्यवस्तीत वाहनतळांची पुरेशी सोय करावी." त्याच्या खाली: "याचा कोणताही भुर्दंड नागरिकांवर टाकू नये." आणि शेवटी माझ्यासाठी मोकळी जागा, खाली "माजी शिक्षिका व ज्येष्ठ नागरिक" असं टाइपसुद्धा करून आणलंत. शाळेत मी तुम्हाला गणित शिकवलं. एका बाजूला खर्च मांडायचा आणि जमेची बाजू कोरी सोडायची, हे कुठल्या इयत्तेत शिकवलं होतं ते सांगा. सोय हवी, पैसे कोणी द्यायचे ते लिहिलेलंच नाही. नागरिकांनी नाही, मग कोणी? तू सांग, सीए झालास ना? महापालिकेच्या तिजोरीत नागरिकांखेरीज आणखी कोण पैसे टाकतं?

गप्प बसलास. शाळेतही पाढा अडला की असाच खिडकीबाहेर बघायचास.

फळ्यावर मांडते तसं मांडते. एका चारचाकीला उभं राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. गुणाकार करा. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 135 चौरस फूट. आता साड्यांच्या दुकानाचे मालक, तुम्ही बोला. लक्ष्मी रस्त्यावर 135 चौरस फुटांचा गाळा महिन्याला किती भाड्याने जातो? आकडा मला नको, मनातल्या मनात म्हण. तेवढीच जागा तुझ्या दुकानाच्या पायरीला लागून आहे, ती सगळ्या शहराच्या मालकीची आहे, आणि तिच्यावर तुझी गाडी सकाळी दहा ते रात्री नऊ उभी असते. दुपारी एक ते चार तू दुकान बंद करून वामकुक्षीला जातोस, गाडी तेव्हाही तिथेच. आत टेबलाएवढी जागा कोणी फुकट मागितली तर त्याला हाकलशील. बाहेर तुला 135 फूट फुकट हवेत, वर ते कायमचे फुकट राहावेत म्हणून निवेदन हवं.

"गिऱ्हाईक येणार नाही." हे वाक्य चार वेळा लिहिलंय. एकदाही त्याचा हिशेब केलेला नाही. दहा ते नऊ म्हणजे अकरा तास. दुपारची झोप वजा जाता आठ. एक गिऱ्हाईक सरासरी तासभर थांबलं, तर त्या एका जागेवर दिवसात आठ गिऱ्हाइकं येऊन जातील. मालकाची गाडी उभी राहिली तर किती? शून्य. गिऱ्हाइकाला दर नडत नाही रे, जागा न मिळणं नडतं. दोन फेऱ्या मारून ते वैतागतं आणि मॉलमध्ये जातं. तिथे पार्किंगचे पैसे मोजतं आणि तक्रारही करत नाही.

आणि पार्किंगचं मीटर ही काही सरकारी बाबूंच्या डोक्यातून निघालेली पीडा नाही. जगातलं पहिलं मीटर 1935 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत लागलं. तासाला पाच सेंट. ते बसवण्याच्या मागे लागले होते कार्ल मगी. ते तिथल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या वाहतूक समितीचं काम बघत. व्यापाऱ्यांची रड एकच होती: कचेऱ्यांतली आणि दुकानांतली माणसं सकाळी येऊन गाड्या लावतात, त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत, गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. नव्वद वर्षं झाली त्याला. तिकडच्या दुकानदारांनी दुकानं चालावीत म्हणून मागितलेली गोष्ट तुम्ही दुकानं बुडतील म्हणून नाकारताय.

"आम्ही रोड टॅक्स भरतो", हा तुमचा मुद्दा क्रमांक तीन. भरता. गाडी घेतानाच एकरकमी भरता. पण तो राज्य सरकारकडे जातो, महापालिकेकडे नाही, आणि तो गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतो, रस्त्यावर मुक्कामाला ठेवण्यासाठी नाही. एसटीचं तिकीट काढलं म्हणून स्टँडवर खोली मिळते का? पुढे "आम्ही मिळकतकर भरतो." तो मीही भरते. माझ्याकडे ना स्कूटर ना मोटार. वाड्याच्या एका खोलीत राहणारी म्हातारीसुद्धा भरते. त्याच पैशांतून तुझ्या गाडीखालचं डांबर घातलं जातं, त्यावर झाडू फिरतो, दिवे लागतात. तेव्हा आत्ता पार्किंग फुकट आहे हा समज डोक्यातून काढा. पैसे दिले जातातच. ज्याच्याकडे गाडी नाही तो देतो.

बसवाल्यांचंच बघा. 1 जून 2025 पासून पीएमपीचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. तेव्हा कोणी माझ्याकडे निवेदन घेऊन आलं नाही. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई जायचे दहा आणि यायचे दहा मोजते, आणि तिची बस अडकते कुणामुळे? "दोनच मिनिटांत येतो" म्हणून कडेच्या गाडीला खेटून दुसरी गाडी लावणाऱ्यामुळे. तिचे वीस रुपये तुम्हाला भाववाढ वाटली नाही. तुमच्या मोटारीला तासाला तेवढेच मागितले की जुलूम.

तुला काही सांगायचंय? सांग. "आधी सोय करा, मग पैसे मागा." ठीक. मंडईजवळ मिसाळ वाहनतळ आहे, आर्यन आहे, बाबू गेनूंच्या नावाचं आहे. मजले चढवून बांधलेत. दारात फुकट जागा मिळण्याची आशा आहे तोवर माणूस पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर गाडी का लावेल? तो आधी रस्त्यावर तीन चकरा मारणार. म्हणजे वाहनतळ बांधायचा खर्च करायचा, आणि रस्ता फुकट ठेवून त्याचं गिऱ्हाईक आपणच तोडायचं. शिवाय इमारतीत एका गाडीला साडेबारा चौरस मीटर पुरत नाहीत. चढायची वाट, वळायची वाट, खांब, सगळं धरलं की जागा दुपटीच्या आसपास जाते. मग त्याला वीज, लिफ्ट, राखणदार. आणि बांधायची तरी किती? 2018 सालच्या मार्चअखेर पुण्यात नोंदलेली वाहनं 36 लाखांवर गेली होती आणि माणसं होती 35 लाखांच्या घरात. पेठा आहेत तेवढ्याच आहेत. कसबा रबरासारखा ताणता येत नाही.

आता मागे बसलेले. तू, राजकारणात गेलेला. तू का मान खाली घालतोस? 2018 मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण आणलं तेव्हा घोषणा देणाऱ्यांत तू होतास. केंद्राच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की शहरातली जमीन मोलाची आहे आणि पार्किंगचा दर त्या मोलाला धरून असावा. ते तुम्ही वाचलं नाहीत. सत्तेतल्यांनी घाबरत, विरोधातल्यांनी ओरडत, अखेर मार्चमध्ये मुख्य सभेने महापालिकेचं धोरण मंजूर केलं. कशा रूपात? शहरभराचं धोरण कापून कापून पाच रस्त्यांवर प्रयोग, एवढंच उरलं. आणि त्या पाच रस्त्यांवरचा प्रयोगही वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. 2022 च्या मार्चपासून तर सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, मतांची भीती नव्हती, तरी ते झालं नाही. नापास विद्यार्थ्यालाही पुन्हा परीक्षेला बसवतात. या धोरणाला तुम्ही वर्गातच येऊ दिलं नाहीत.

साहेबलोकांनाही मी सोडणार नाही, उगाच खूश होऊ नका. पैसे घ्यायचे तर पावती द्या. ठेकेदाराचा पोऱ्या फलकावर एक दर आणि तोंडाने दुसरा दर सांगतो, पावती मागितली की "संपली" म्हणतो, आणि गाडीला चरा पडला तर "मालक जबाबदार नाही". पी-1, पी-2 च्या पाट्या अशा पुसट की सम तारीख की विषम, हे टोइंगचा टेम्पो आल्यावरच कळतं. पदपथाच्या फरशा उखडलेल्या, त्यावर स्कूटरी चढवलेल्या. अशा कारभाराला लोक पैसे द्यायला कां-कूं करतात, यात लोकांचं सगळंच चुकतं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या निवेदनात यातलं एक अक्षर नाही. खरी तक्रार सोडलीत आणि खोटी लिहिलीत, म्हणून जास्त राग आलाय.

कॅलिफोर्नियात पॅसाडेना नावाचं गाव आहे. त्याचा जुना बाजारभाग पार कळाहीन झाला होता. मीटर लावायचं ठरलं तर दुकानदार तुमच्यासारखेच बोंबलले. मग गावाने शब्द दिला: या भागातल्या मीटरचा पैसा याच भागात खर्च होईल. 1993 मध्ये मीटर लागले. येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर गावाने 50 लाख डॉलर उभे केले आणि पदपथ, दिवे, झाडं, घाणेरड्या गल्ल्यांची दुरुस्ती, हे सगळं आधी केलं. लोक फिरायला येऊ लागले, विक्री वाढली. गावाच्या त्या शब्दामुळेच रात्री आणि रविवारीही मीटर चालू ठेवायला दुकानदार राजी झाले होते. हे सगळं डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी 2005 मध्ये जाडजूड पुस्तक लिहून मांडलं. त्यांचं म्हणणं असं की दर असा ठेवा की प्रत्येक गल्लीत एखाददुसरी जागा कायम मोकळी सापडेल. गाड्या ओसंडल्या की दर चढवा, जागा ओस पडल्या की उतरवा. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून तसं करून बघितलं तेव्हा कितीतरी ठिकाणी दर खाली आले. दर उतरूही शकतो, हे कोणी तुम्हाला सांगितलं होतं? आणि इतक्या लांब जायला नको असेल तर 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर उभे राहा. 2021 पासून त्या दिवशी काही तास गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करतात. रस्ता माणसांनी फुललेला असतो. आणि सप्टेंबर 2024 पासून मंडईच्या पोटात मेट्रोचं स्टेशन आहे, सरकत्या जिन्याने वर आलं की बाजार. सगळी गिऱ्हाइकं मोटारीतूनच उतरतात हा भ्रम तरी सोडा.

जपानमध्ये गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटार नोंदवता येत नाही. तो कायदा 1962 सालचा आहे. आपल्या परिवहनमंत्र्यांनी 2025 च्या मे महिन्यात तसंच काही बोलून दाखवलं, तर तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काय गदारोळ झाला ते माझ्या भाचीने वाचून दाखवलं. एका फ्लॅटला तीन गाड्या, आत जागा एकीला, उरलेल्या दोन रस्त्यावर. आणि फाटकावर पाटी मात्र "समोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल". गाडी तुमची असली की रस्ता शहराचा आहे हे विसरायचं, आणि दुसऱ्याने लावली की हवा सोडायची!

कोणावर किती बोजा टाकायचा यावर भांडायचं असेल तर जरूर भांडा, तिथे मी तुमच्या बाजूने येईन. रुग्णालयाच्या दाराशी रुग्णाची गाडी, अपंगांची गाडी, माल उतरवणारा टेम्पो यांचे नियम वेगळेच असायला हवेत. टेम्पोला सकाळची वेळ बांधून द्या. भाजी घेऊन येणाऱ्याच्या हातगाडीवर मोटारीच्या दराने पावती फाडायची हे मला चालणार नाही. पोट भरण्यासाठी दुचाकीवर दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोराला पहिली दहा मिनिटं माफ असावीत. सोनाराच्या चौथ्या मोटारीला माफी नाही. हसू नकोस, तुलाच म्हणतेय.

तेव्हा हे कागद उलटे करा, पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घ्या. दर तासाचा, दिवसाचा नाही. दुपारी कमी, संध्याकाळी जास्त. मशीनमधून निघालेल्या पावतीखेरीज एक रुपया द्यायचा नाही. जमा झालेल्या पैशाचा हिशेब दर महिन्याला चौकात फळ्यावर, आणि त्यातला मोठा हिस्सा त्याच रस्त्याच्या पदपथाला आणि बसथांब्याला. पाट्या वाचता येतील अशा. दुकानासमोर पिंप, मोडकं स्टूल, साखळी लावून जागा अडवणाऱ्याला दुप्पट दंड, मग तो व्यापारी संघाचा पदाधिकारी का असेना.

आणि त्याआधी एक काम. येत्या शनिवारी सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला आणि सातला, प्रत्येकाने आपापल्या दुकानासमोरच्या दहा-दहा गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचे. जो नंबर तिन्ही वेळा सापडेल त्यापुढे फुली. फुलीवाली गाडी कोणाची, मालकाची, नोकराची की वरच्या कचेरीतल्याची, हे विचारून समोर लिहायचं. स्वतःची असेल तर स्वतःचं नाव. एकमेकांचं बघून लिहू नका, अक्षर ओळखते मी. सोमवारी दुपारी चारनंतर या, एक ते चार नको. वह्या तपासून झाल्यावर निवेदनाचं बघू.