ध्रुवाची साक्ष

एका वेधशाळेत एक तरुण प्रोग्रामर होता. ताऱ्याचा विषुवांश आणि क्रांती दिली की आकाशगंगेच्या प्रतलावरून मोजलेलं त्याचं स्थान सांगणारा प्रोग्राम त्याने लिहिला. चाचणीही त्यानेच लिहिली. हजारो तारे सूत्राने तिकडे न्यायचे, उलट सूत्राने परत आणायचे. प्रत्येक तारा निघाला होता तिथेच, दशांशाच्या दहाव्या घरापर्यंत अचूक परतला.

तो आनंदाने बाईंकडे गेला. बाईंचं आयुष्य आकाश मोजण्यात गेलं होतं. त्यांनी चाचणी सावकाश वाचली.

"सगळे परत आले, छान. पण मधे ते गेले होते कुठे?"

तरुण गप्प राहिला.

"अरुंधती केशात आकाशगंगेचा उत्तर ध्रुव आहे," बाई म्हणाल्या. "विषुवांश 192.859 अंश, क्रांती 27.128. हा घालून बघ. अक्षांश 90 यायला हवा."

पडद्यावर 89.39 आलं.

त्याने सूत्रं पुन्हा पुन्हा तपासली. ती बरोबर होती. मग त्याने स्थिरांक पाहिले. ध्रुवासाठी 192.25 आणि 27.4 हे आकडे होते. 1958 साली ही पद्धत ठरली, तेव्हाचे, 1950च्या चौकटीतले. त्याच्या ताऱ्यांची यादी मात्र 2000च्या चौकटीतली होती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा घुमतो. त्यामुळे मोजणीची चौकट वर्षाला सुमारे 50 विकला सरकते. अर्ध्या शतकात फरक चंद्रबिंबाच्या रुंदीहून मोठा झाला होता.

जाताना झालेली चूक येताना त्याच चुकीने पुसून टाकली होती. आपलं उत्तर आपल्याच सूत्राने ताडलं की ते जुळतंच. खरं काय ते सांगायला बाहेरचा साक्षीदार लागतो, आणि बाईंनी तो आकाशातूनच बोलावला.

तरुणाने आकडे बदलले. ध्रुव 90वर आला.

"आता धनू राशीतला सॅजिटेरियस ए-स्टार घे," बाई म्हणाल्या. "266.417, उणे 29.008."

"तो तर आकाशगंगेचा मध्य. शून्य, शून्य येईल ना?"

"नाही. शून्यबिंदू आधी ठरला, हा स्रोत 1974 साली सापडला. रेखांश 359.944 आणि अक्षांश उणे 0.046 यायला हवा."

तेच आलं. तरुणाने दोन्ही साक्षी चाचणीत घातल्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या चौकटीचं वर्ष लिहिलं.