मऊ लायनर की कडक लायनर?

चि. सोपान,

परवा फोनवर तू विचारलंस, आबा, गाडीच्या ब्रेकला लायनर मऊ घालू की कडक, आणि मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. संध्याकाळपर्यंतच का रे बाळा? गाडी एक दिवस जास्त उभी राहिली तर फार तर एक भाडं जाईल, आणि लासलगावच्या कांद्याला गाड्या नेहमीच लागतात, ते भाडं पुढच्या आठवड्यात भरून निघेल. तू कामाला चोख आहेस, हिशेबाला चोख आहेस, त्याची मला कधी काळजी वाटली नाही. वाटते ती तुझ्या घाईची, म्हणून फोनवर उरकण्याऐवजी बसून लिहितोय.

लायनर म्हणजे राळ, तंतू, धातूचा कीस आणि बारीक भुकटी एकत्र दाबून भाजलेला तुकडा. तो ब्रेकच्या शूवर रिव्हेटने बसतो आणि आतून चाकाच्या ड्रमला घासतो. (छोट्या पिकअपला पुढे डिस्क असते आणि तिथे पॅड येतात, पण मऊ-कडकाचा न्याय तिथेही तोच.) मऊ लायनर थंड असतानाही पटकन पकडतो, किंचाळत नाही, ड्रमला जपतो आणि स्वतः झिजतो. कडक लायनर टिकतो जास्त, उष्णता सोसतो जास्त, पण ड्रम खातो, कधी ओरडतो, आणि पहाटे गारठ्यात पहिल्या एक-दोन दाबांना जरा आळशी असतो. नाशिक शहरातल्या शहरात माल पोचवणारा टेम्पो असता, तर मी तुला डोळे मिटून मऊ घाल म्हटलं असतं. पण तुझी गाडी भरून कसारा घाट उतरते, आणि तिथे सगळा हिशेब उष्णतेचा आहे.

इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे ३०० मीटरचा. तुझ्या सहा चाकीला मालासकट १८.५ टनांची मुभा आहे. २०१८ आधी ती १६.२ होती. एवढं वजन एवढं खाली उतरताना जी उष्णता तयार होते, ती सगळी पाण्यात घातली तर दीडशे लिटरहून जास्त थंड पाणी उकळेल. यातली काही इंजिन घेतं, काही वारा आणि टायर घेतात, आणि उरलेली सगळी त्या लायनरांनी आणि ड्रमांनी घ्यायची. तुझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग एवढं पाणी पोराच्या पायाखाली उकळतंय होय? तिला झोप लागली नाही, पण मला वाटतं तुलाही हे एकदा डोळ्यांपुढे दिसलेलं बरं.

लायनर फार तापला की त्यातली राळ वायू सोडू लागते आणि पकड उतरते. त्यात ड्रमही तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो, आणि शूला जास्त अंतर जावं लागतं. तुझी गाडी हवेच्या ब्रेकची. तेलाच्या ब्रेकमध्ये पेडल खोल जाऊन निदान सांगतं तरी, हवेच्या ब्रेकमध्ये पायाला फारसं कळत नाही, एकदम ऐन वेळी गाडी धरत नाही एवढंच दिसतं. म्हणून लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणाऱ्या स्लॅक ॲडजस्टरचं सेटिंग ढिलं ठेवून उत्तम लायनर घातला तरी उपयोग नाही. सेटिंग आधी, लायनरचा विचार मग.

आता एक गोष्ट, जी मिस्त्री सहसा सांगत नाहीत. कडक म्हणजे जास्त पकड, असं नाही. पकड वेगळी आणि कडकपणा वेगळा, आणि नखाने खरवडून दोन्ही कळत नाही. चांगल्या लायनरच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. जीई लिहिलेला लायनर सपाटीवर तुला खूष करील आणि घाटाच्या मध्यावर सोडून देईल. एफएफवाला पहिल्या दाबाला त्याच्याएवढा जोरात चावणार नाही, पण खालपर्यंत तसाच राहील. दुकानदाराला हे दुसरं अक्षर दाखव म्हणावं, आणि ज्याच्या कडेवर काहीच छापलेलं नाही तो कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेव. ही काटकसर नव्हे.

काटकसरीवरून आठवलं. तू पैसा जपतोस, मला त्याचा अभिमान आहे. पण उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय हल्ली रस्त्यावर फार दिसते, आणि पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन किती माणसं गेली हे तू वाचलंच असशील. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडी मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार लायनरवर येतो. आणि हल्लीच्या इंजिनात, गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जातच नाही, मग वाचवायचं काय? कोणी इंजिनच बंद करतं, तेव्हा तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच्याहून वरचा गिअर उतरताना लावू नकोस, आणि तो घाटाच्या माथ्यावरच टाक, मध्ये बदलायची वेळ येऊ देऊ नकोस. ब्रेकवर पाय ठेवून घसरत बसण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग उतरव आणि सोड. सारखा पंपासारखा मारलास तर हवा संपेल.

वेगाचंही लक्षात ठेव. ४० ऐवजी ८० ने आलास तर थांबायला दुप्पट नाही, चौपट उष्णता लायनरला गिळावी लागते.

तर माझं मत कडकाकडे झुकतं, पण ज्याचं दुसरं अक्षर नीट आहे अशा कडकाकडे, आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडच्या बाहेर न जाता. ड्रम थोडा लवकर टर्निंगला जाईल, जाऊ दे. ड्रम लायनरपेक्षा महाग आहे हे मला माहीत आहे, पण तू तीन-चार महिन्यांनी चाक काढून बघितलंस आणि लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत जाऊ दिला नाहीस, तर ड्रमला चरे पडणार नाहीत आणि तो पुरेसा चालेल. एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचा, एकाच वेळी बदललेला लायनर हवा. एका बाजूला जुना राहू दिलास तर पावसात गाडी एकीकडे ओढेल. चाक उघडलंच आहे तर हबची ऑइल सीलही बदलून घे, ग्रीस लागलेला लायनर मऊ असो की कडक, सारखाच निकामी.

पहाटे उठायची तुझी सवय सोडू नकोस. कडक लायनरला तीच सवय सांभाळून घेईल. उठून हवेच्या टाकीतलं पाणी सोड, गाडीभोवती एक फेरी मार, हवा कुठे सुसकारतेय का ऐक, आणि निघाल्यावर घाटाच्या आधी सपाटीवरच दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून लायनर जागा कर, पावसाळ्यात तर नक्कीच. उशिरा उठलेल्या माणसाला एवढं करायला सवड नसते.

नवा लायनर नव्या कोल्हापुरीसारखा असतो, पायात बसेपर्यंत त्याला वेळ लागतो. सुरुवातीला तो ड्रमला थोड्याच जागी टेकतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर हलक्या मालाने, हलक्या हाताने चालव. खाली उतरल्यावर ड्रम तापलेला असला तर त्यावर पाणी ओतू नकोस, तडा जातो. चहा घे, त्याला त्याच्या वेळेने निवू दे. आणि लायनरची भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नकोस, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत बसतं. ओल्या फडक्याने पूस, मिस्त्रीच्या पोरालाही तसंच सांग.

आता असं कर. उद्या सकाळी दुकानात स्वतः जा, कडेवरची दोन्ही अक्षरं वाच आणि घेण्याआधी मला फोनवर सांग. पहिली फेरी घाटाची घेऊ नकोस, सिन्नरपर्यंतची घे.

तुझा
आबा